अनुक्ताची परीक्षा : तर्कचाचणीतील गृहीतक आणि समीक्षेतील गृहीतक

बखरी, ताम्रपट, कोश, पत्रव्यवहार, इतकेच नव्हे तर जाहिराती आणि पंचांगे हीदेखील साहित्याभ्यासकाने लक्ष द्यावे अशी संहिता आहे, हे मराठी समीक्षेने आता मान्य केले आहे. स्पर्धापरीक्षेतील प्रश्नाला मात्र हा मान अद्याप मिळालेला नाही. लाखो तरुण वाचक दरवर्षी जी संहिता घड्याळ लावून वाचतात आणि जिच्यातील एखाद्या अव्ययावर त्यांच्या पुढील काही वर्षांचे भवितव्य अवलंबून असते, ती शिकवणीवर्गांच्या आणि 'मार्गदर्शक' पुस्तकांच्या हवाली करून विद्यापीठीय अभ्यासक मोकळे झाले आहेत. या उदासीनतेत एक विसंगती आहे. 'चिकित्सक तर्क' या सदराखाली येणाऱ्या प्रश्नांपैकी 'या युक्तिवादामागील गृहीतक कोणते?' हा प्रश्न वाचकाला जे लिहिलेले नाही ते वाचावयास सांगतो. आणि जे लिहिलेले नाही ते वाचणे हाच तर गेल्या अर्धशतकातील समीक्षेचा प्रमुख उद्योग आहे. एकच कौशल्य एका ठिकाणी चार पर्याय देऊन तपासले जाते आणि दुसऱ्या ठिकाणी तपासलेच जात नाही.

भारतात प्रचलित असलेल्या निरनिराळ्या परीक्षांतील गृहीतकांचे प्रश्न शेजारी ठेवून वाचले असता असे दिसते, की 'गृहीतक' या एकाच शब्दाखाली परस्परांहून भिन्न अशा तीन गोष्टी विचारल्या जातात. पहिल्या प्रकारात गृहीतक युक्तिवादाच्या खाली असते, दुसऱ्यात ते उच्चाराच्या मागे असते, तर तिसऱ्यात ते उताऱ्याच्या पुढे असते. या तिन्हींची गल्लत परीक्षार्थ्याला गुणांना मुकविते. तीच गल्लत समीक्षक करतो तेव्हा त्याचे काही जात नाही. ज्या कृतीवर वा लेखकावर नसलेले गृहीतक लादले जाते त्या कृतीचे नुकसान होते.

प्रथम शब्दाविषयी. मराठीत या संकल्पनेसाठी शब्दांची वाण नाही, उलट गर्दी आहे : गृहीतक, गृहीतकृत्य, पूर्वधारणा, अध्याहृत. संशोधनपद्धतीवरील पुस्तकांत 'गृहीतक' हा शब्द कधी संशोधनाने तपासून पाहावयाच्या अंदाजासाठी येतो, तर कधी न तपासता स्वीकारलेल्या आधारासाठी. म्हणजे एकदा जे सिद्ध करावयाचे आहे त्यासाठी आणि एकदा जे सिद्ध करावे लागत नाही त्यासाठी. शालेय भूमितीने न्यायदर्शनातून 'पक्ष' आणि 'साध्य' हे शब्द उचलले. न्यायात 'पक्ष' म्हणजे ज्या ठिकाणी साध्य आहे असे दाखवावयाचे ते स्थान, अग्नी दाखवावयाचा तो पर्वत. भूमितीत मात्र तो दिलेल्या माहितीचा वाचक झाला. परिणामी मराठी माध्यमात शिकलेल्या विद्यार्थ्याच्या मनात युक्तिवादाचे चित्र तीन खणांचे असते : पक्ष, साध्य, सिद्धता. जे कोणत्याच खणात लिहावयाचे नसते त्यासाठी तेथे जागा नाही. बोलभाषेत 'गृहीत धरणे' हे विधानांपेक्षा माणसांच्या बाबतीत अधिक घडते. घरातील सून गृहीत धरली जाते, कचेरीतील शिपाई गृहीत धरला जातो, म्हणजे त्यांना विचारले जात नाही. परीक्षेच्या प्रश्नात विधानाबरोबर वाचकही या अर्थाने गृहीत धरला जातो, हे पुढे दिसून येईल.

गृहीतक ओळखण्याची क्षमता चाचणीने मोजता येईल, ही कल्पना विसाव्या शतकातील अमेरिकन शिक्षणशास्त्राची. एडवर्ड ग्लेसर यांचा चिकित्सक विचाराच्या अध्यापनाविषयीचा प्रयोग १९४१ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी आणि गुडविन वॉटसन यांनी सिद्ध केलेल्या चाचणीच्या पाच भागांपैकी एक भाग केवळ गृहीतकांच्या ओळखीचा आहे. पुढे विधि-अभ्यासक्रमाच्या प्रवेशासाठी १९४८ पासून घेतल्या जाणाऱ्या 'एलसॅट'ने आणि व्यवस्थापन-अभ्यासक्रमासाठीच्या 'जीमॅट'ने या प्रश्नाला आजचे काटेकोर रूप दिले. त्या धर्तीवर रचलेला एक प्रश्न नमुन्यादाखल घेता येईल.

'एका शहरातील सार्वजनिक वाचनालयांतून घरी नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या गेल्या पाच वर्षांत निम्म्यावर आली आहे. म्हणून त्या शहरातील लोकांचे वाचन कमी झाले आहे.' हा युक्तिवाद पुढीलपैकी कोणत्या गृहीतकावर अवलंबून आहे? (अ) वाचनालयातून घरी नेलेल्या पुस्तकांखेरीज अन्य मार्गांनी होणाऱ्या वाचनात ही घट भरून निघेल इतकी वाढ झालेली नाही. (आ) शहरातील सर्व वाचक वाचनालयांचे सभासद आहेत. (इ) वाचन ही जोपासण्याजोगी सवय आहे. (ई) या काळात वाचनालयांतील पुस्तकांची संख्या कमी झालेली नाही.

उत्तर (अ) आहे. तेथे पोहोचण्याची रीत अशी, की प्रत्येक पर्याय नाकारून पाहावा आणि त्यायोगे युक्तिवाद कोसळतो का हे तपासावे. अन्य मार्गांनी वाचन तेवढेच वाढले असेल, तर पुस्तकांची देवघेव निम्म्यावर येऊनही निष्कर्ष उभा राहत नाही. (इ) नाकारला तरी काही बिघडत नाही. वाचन वाईट असले तरी ते कमी झालेले असू शकते. मात्र जो लेखक वाचन घटल्याची तक्रार करतो त्याला वाचन प्रिय असणार, असे वाचकाला सहजच वाटते आणि म्हणून हा पर्याय मोहक ठरतो. लेखकाला काय वाटत असावे आणि त्याच्या युक्तिवादाला काय लागते, या दोन प्रश्नांतील अंतर या एका पर्यायात सामावलेले आहे. (ई) अधिक फसवा. पुस्तके कमी झाल्यामुळे देवघेव घटली असेल, तर घटीचे कारण सापडले. पण वाचन घटले या निष्कर्षाला त्याने धक्का लागतोच असे नाही, कदाचित पुस्तकेच न मिळाल्याने वाचन घटले असेल. कारण पुरविणारा पर्याय आणि आधार पुरविणारा पर्याय यांतील फरक येथे डोळ्यांत तेल घालून पाहावा लागतो.

(आ) येथे अधिक थांबणे आवश्यक आहे, कारण मराठी वाचकाची अडचण तेथे भाषेतूनच उद्भवते. 'सर्व वाचक सभासद आहेत' याचा नकार काय? 'सर्व वाचक सभासद नाहीत' हे मराठी वाक्य दोन प्रकारे वाचता येते : काही वाचक सभासद नाहीत, किंवा एकही वाचक सभासद नाही. पहिल्या वाचनात युक्तिवाद टिकतो, कारण काही वाचक सभासद नसले तरी त्यांचे वाचन वाढले असे सिद्ध होत नाही. दुसऱ्या वाचनात मात्र तो डळमळतो : एकही वाचक सभासद नसेल तर वाचनालयातील देवघेवीवरून वाचनाविषयी बोलण्याला अर्थच उरत नाही. ज्याने नकार दुसऱ्या अर्थाने केला तो (आ) हे गृहीतक मानून बसेल, आणि त्याची चूक तर्काची नसून नकाराच्या व्याप्तीची असेल. मराठीत क्रियापदाला चिकटणारा नकार वाक्यातील 'सर्व', 'नेहमी', 'प्रत्येक' या शब्दांवर कुठवर पसरतो, हे उच्चारातील आघाताने कळते. छापील वाक्यात आघात नसतो. यावर उपायही मराठीतच आहे. विधान पूर्ण करून त्यापुढे 'असे नाही' ठेवले, की संदिग्धता संपते : 'सर्व वाचक सभासद आहेत, असे नाही.' एवढी साधी गोष्ट तर्कविषयक मराठी मार्गदर्शकांत ठळकपणे सांगितली जात नाही, कारण ही पुस्तके बहुधा इंग्रजी नमुन्यांच्या छायेत तयार होतात आणि तेथे सांगितलेले नकाराचे नियम इंग्रजी वाक्याचे असतात.

याच चाचणीपरंपरेने आणखी एक भेद कटाक्षाने पाळला आहे. 'युक्तिवाद ज्यावर अवलंबून आहे ते' आणि 'जे मानले असता निष्कर्ष निश्चितपणे निघतो ते' हे दोन वेगळे प्रश्न म्हणून एलसॅटमध्ये विचारले जातात. वरील उदाहरणात 'घरी नेलेल्या पुस्तकांची संख्या हे शहरातील एकूण वाचनाचे अचूक माप आहे' असे मानले, तर निष्कर्ष हमखास निघतो. पण युक्तिवादाला एवढ्या मोठ्या विधानाची गरज नाही, ते माप ढोबळ असले तरी त्याचे भागते. आवश्यक आणि पुरेसे यांतील हा भेद समीक्षकांच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा आहे. समीक्षक एखाद्या युक्तिवादाखालचे गृहीतक 'उघड' करतो तेव्हा बहुधा पुरेसे विधान शोधून ते आवश्यक असल्याचे सांगतो. मग ते विधान अवास्तव असल्याचे दाखविणे सोपे जाते. प्रतिपक्षाला न लागणारी कुबडी आधी त्याच्या हाती द्यावयाची आणि मग तो लंगडा असल्याचे जाहीर करावयाचे, असा हा प्रकार आहे.

नकाराच्या कसोटीचे वर्णन वाचताना संस्कृतज्ञ अभ्यासकाला मीमांसकांची अर्थापत्ती आठवणे स्वाभाविक आहे. देवदत्त लठ्ठ आहे आणि तो दिवसा जेवत नाही. तेव्हा तो रात्री जेवतो असे मानावे लागते, कारण एरवी त्याच्या लठ्ठपणाची उपपत्ती लागत नाही. या 'अन्यथानुपपत्ती'ला मीमांसकांनी स्वतंत्र प्रमाणाचा दर्जा दिला. नैयायिकांनी ती अनुमानातच जमा धरली. साम्य उघड आहे, परंतु त्याच्या आधारे 'हे सारे आपल्याकडे पूर्वीच होते' असे म्हणणे म्हणजे तपासण्याजोगा आणखी एक युक्तिवाद निर्माण करणे होय. अर्थापत्तीत देवदत्ताचा लठ्ठपणा आणि त्याचे दिवसाचे न जेवणे या दोन्ही गोष्टी खऱ्या असतात आणि शोध असतो तो जगातील तिसऱ्या खऱ्या गोष्टीचा. चाचणीत वाचनालयाची आकडेवारी खरी की खोटी याच्याशी कोणाला कर्तव्य नसते. युक्तिवाद करणाऱ्याला, तो युक्तिवाद सोडावयाचा नसेल तर, काय मान्य करणे भाग आहे एवढेच विचारलेले असते. एकात वस्तुस्थितीचा शोध आहे, दुसऱ्यात वक्त्याच्या बांधिलकीचा. अधिक जवळचे नाते आहे ते श्रुतार्थापत्तीशी. कोणी नुसते 'दार' एवढेच म्हटले तर 'लाव' हे पद अध्याहृत घ्यावे लागते. तेथे पद अध्याहृत घ्यावयाचे की अर्थ, यावर भाट्ट आणि प्राभाकर मीमांसकांत मतभेद झाला. भाट्टांच्या मते शब्द, प्राभाकरांच्या मते अर्थ. चार पर्यायांतून एक नेमके वाक्य निवडावयास लावणारी चाचणी नकळत भाट्टांच्या पक्षाला जाऊन बसते. गृहीतक हे कोणत्यातरी ठरावीक शब्दांत मांडलेले वाक्यच असते, असे ती मानते.

ग्रीक परंपरेकडून याच प्रश्नावर वेगळा प्रकाश पडतो. अ‍ॅरिस्टॉटलने 'वक्तृत्वशास्त्रा'त उदाहरण दिले आहे ते डोरिअसचे. तो ज्या स्पर्धेत जिंकला तिचे पारितोषिक मुकुट आहे हे दाखवावयाचे, तर तो ऑलिंपियाला जिंकला एवढे म्हटले की पुरे. तेथे मुकुट मिळतो हे सर्वांना ठाऊक आहे. पुढील तर्कशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांनी अशा युक्तिवादाला 'अपुरे संवाक्य' ठरविले. हे मत अ‍ॅरिस्टॉटलचे नव्हे, असे माइल्स बर्न्यट यांनी १९९४ मधील लेखात साधार मांडले आहे. येथे महत्त्वाचे हे, की मूळ उदाहरणातील अनुक्त ही उणीव नाही. ते वक्ता आणि श्रोते यांच्यातील सामायिक जगाची खूण आहे. जे दोघांनाही ठाऊक आहे ते उच्चारणे हा श्रोत्यांचा अधिक्षेप ठरला असता. परीक्षेच्या दालनात असे सामायिक जग नसते, किंबहुना ते नसावे अशीच अपेक्षा असते. 'केवळ दिलेल्या माहितीच्या आधारे उत्तर द्या' ही सूचना परीक्षार्थ्याला स्वतःचे जग बाहेर ठेवून येण्यास सांगते. प्रत्यक्षात ते बाहेर राहत नाही. मोबाइलवर वाचता येते हे ज्याला माहीत नाही, त्याला वाचनालयाच्या उदाहरणातील (अ) सुचणे कठीण आहे.

दुसरा प्रकार खास भारतीय म्हणता येईल. बँकांच्या भरतीपरीक्षांतून रूढ झालेल्या 'विधान आणि गृहीतके' या प्रश्नात बहुधा युक्तिवाद नसतोच. असते ती एखादी सूचना, जाहिरात, शासकीय आदेश किंवा वडीलकीचा सल्ला; आणि त्याखाली दोन गृहीतके. 'तिकीट खिडकीवर फलक लावला आहे : कृपया रांगेत उभे राहावे. गृहीतक १ : लोक फलक वाचतात. गृहीतक २ : सर्व लोक सूचनेचे पालन करतील.' उत्तर अपेक्षित असते ते 'केवळ १ अंतर्भूत आहे' असे. येथे नकाराची कसोटी लावू गेल्यास ती हातात फिरते. लोक फलक वाचत नसतील तर काय कोसळते? निष्कर्ष नव्हे, कारण निष्कर्ष नाहीच. फलक खोटा ठरत नाही, व्यर्थ ठरतो. जे. एल. ऑस्टिन यांच्या १९६२ साली ग्रंथरूप झालेल्या व्याख्यानांनी ज्या भेदाकडे लक्ष वेधले तो हाच : काही उच्चार खरे-खोटे नसतात, ते साधतात किंवा फसतात. बँक-परीक्षेतील गृहीतक हे अशा रीतीने उच्चार साधण्याची अट आहे. ते विधानाच्या खाली नसून विधान करणाऱ्याच्या मागे उभे आहे.

हा भेद सांगितला जात नसल्यामुळे शिकवणीवर्गांनी त्याच्या जागी संकेतांचे एक शास्त्र उभे केले आहे. जाहिरात असेल तर तिचा परिणाम होतो हे गृहीत. सूचना असेल तर ती वाचली जाते हे गृहीत. शासनाने उपाय योजला असेल तर समस्या अस्तित्वात आहे आणि उपाय अमलात येण्याजोगा आहे हे गृहीत. पर्यायात 'सर्व' किंवा 'केवळ' आले तर तो बाद. हे संकेत बव्हंशी बरोबर उत्तराकडे नेतात, आणि नेमके तेच चिंतेचे आहे, कारण त्यांसाठी विधान वाचावे लागत नाही, त्याचा प्रकार ओळखला की काम भागते. शिवाय या संकेतांतून राज्यसंस्थेचे एक चित्र निमूटपणे तयार होते, ज्यात शासनाचा प्रत्येक आदेश खऱ्या समस्येला दिलेले व्यवहार्य उत्तर असतो. दिखाऊ आदेश या प्रकारात संभवतच नाही. उत्तरांच्या पर्यायांत 'एकतर १ किंवा २' असाही एक पर्याय असतो. एखाद्या उच्चारामागे दोहोंपैकी कोणते तरी एक गृहीतक आहे, पण कोणते ते सांगता येत नाही, ही स्थिती प्रश्नकर्त्याच्या कल्पनेत नेमकी कशी असते हे समजून घेणे कोणत्याही तर्कपरंपरेच्या आवाक्याबाहेरचे दिसते.

तिसरा प्रकार संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा पूर्वपरीक्षेतील. २०११ पासून तेथे दुसऱ्या प्रश्नपत्रिकेत उताऱ्यांवर आधारित प्रश्न येऊ लागले. त्यांत एक साचा असा : वरील उताऱ्याच्या आधारे पुढील गृहीतके करण्यात आली आहेत, त्यांपैकी कोणती वैध आहेत? या रचनेकडे बारकाईने पाहिले असता तिच्यातील अवघडलेपण ध्यानात येते. गृहीतके 'उताऱ्याच्या आधारे' केलेली आहेत. म्हणजे ती उताऱ्याच्या लेखकाने केलेली नसून उतारा वाचून झाल्यावर कोणीतरी केलेली आहेत. तो 'कोणीतरी' कर्मणी प्रयोगाच्या आड दडलेला आहे. आणि विचारलेले आहे ते ती केली गेली आहेत का हे नव्हे, तर ती वैध आहेत का. उताऱ्यावरून पुढे जाऊन काढलेल्या विधानाला सामान्य मराठीत अनुमान म्हणतात. येथे ते गृहीतक या नावाने वावरते. परिणामी एलसॅटच्या पद्धतीने तयारी केलेला परीक्षार्थी उताऱ्याच्या खाली शोधत राहतो आणि उत्तर उताऱ्याच्या पुढे असते. ज्या परीक्षेतील ऐंशी प्रश्नांना दोन तास असतात आणि चुकीच्या उत्तराला एक-तृतीयांश गुण वजा होतात, तेथे दिशेची ही चूक महागात पडते.

ही प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदी या दोनच भाषांत असते. मुख्य परीक्षा मराठीतून लिहिण्याची मुभा असलेल्या उमेदवारालाही पूर्वपरीक्षेचा उतारा या दोहोंपैकी एका भाषेतच वाचावा लागतो. २०१४ साली दिल्लीत झालेल्या आंदोलनात इंग्रजी आकलनाच्या प्रश्नांबरोबर हिंदी भाषांतराच्या कृत्रिमतेवरही टीका झाली. त्या वर्षी इंग्रजी आकलनाचे गुण गुणवत्तेसाठी न धरण्याचा निर्णय झाला आणि २०१५ पासून ही प्रश्नपत्रिका ३३ टक्क्यांच्या पात्रतेपुरती राहिली. त्या वादात चर्चा झाली ती मुख्यतः दुर्बोध नामांची. गृहीतकांचा प्रश्न मात्र नामांवर फारसा अवलंबून नसतो, तो अव्ययांवर अवलंबून असतो. हिंदीतील 'सिंचाई से ही उपज बढ़ेगी' या वाक्यातील 'ही' म्हणजे मराठीतील 'च'. मराठीत 'सिंचनानेही उत्पन्न वाढेल' म्हटले की अर्थ उलटतो. पहिल्या वाक्यात दुसरा मार्ग नाही असे सांगितलेले आहे; दुसऱ्यात दुसरे मार्ग आहेत हे आधीच धरून चाललेले आहे. एकच अक्षर, एकच लिपी आणि परस्परविरुद्ध गृहीते. हिंदी चांगली जाणणाऱ्या मराठी वाचकाला हा फरक ठाऊक असतो. पण दीड मिनिटात उतारा आणि पर्याय उरकताना मातृभाषेचा कान आधी ऐकतो, ही शक्यता प्रश्नपत्रिकेने विचारात घेतलेली नाही. वाचक गृहीत धरला जातो तो असा.

या 'ही'मुळे आणखी एक भेद स्पष्ट होतो. 'सिंचनानेही उत्पन्न वाढेल' याचा नकार केला, 'सिंचनानेही उत्पन्न वाढणार नाही' असे म्हटले, तरी उत्पन्नाच्या संदर्भात सिंचनाखेरीज इतर उपाय विचारात आहेत हा भाग शाबूत राहतो. फ्रेगे आणि १९५० मधील निबंधात स्ट्रॉसन यांनी ज्याची चर्चा केली ते पूर्वगृहीत या जातीचे. म्हणजे नकाराच्या कसोट्या दोन आहेत आणि त्या उलट दिशांनी चालतात. भाषाविज्ञानाचा अभ्यासक विधान नाकारतो आणि काय टिकते ते पाहतो. परीक्षार्थी गृहीतक नाकारतो आणि काय कोसळते ते पाहतो. पूर्वगृहीत शब्दात रुतलेले असते, युक्तिवादाचे गृहीतक दोन वाक्यांमधील फटीत असते. साहित्यसमीक्षेत या दोहोंना एकाच श्वासात 'गृहीतके' म्हणण्याची सवय आहे.

समीक्षेच्या क्षेत्रात या कसोटीचे उपयोजन कितपत होऊ शकते? एक मर्यादा आरंभीच मान्य केली पाहिजे. कवितेतील अनुक्त हे युक्तिवादातील अनुक्त नव्हे. अकराव्या शतकात काश्मीरच्या महिमभट्टाने 'व्यक्तिविवेका'त ध्वनीला अनुमानात बसविण्याचा निकराचा प्रयत्न केला. व्यंग्यार्थ हा अनुमेय अर्थच होय, असे त्याचे म्हणणे. मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त त्याचे खंडन केले, त्याचा गाभा असा की काव्यातील ज्या गोष्टींना हेतू मानावयाचे त्या अनैकांतिक असतात, साध्याकडे निश्चितपणे नेत नाहीत. व्यंग्यार्थ नाकारला म्हणून कविता कोसळत नाही, ती कविता म्हणून उणावते. तर्कचाचणीची कसोटी काव्याला लावणे म्हणजे नऊशे वर्षांनंतर महिमभट्टाचा पराभूत पक्ष पुन्हा मांडणे ठरेल. परंतु समीक्षा ही काव्य नसते. ती युक्तिवाद करते, आणि तिचे युक्तिवाद या कसोटीला बांधलेले असले पाहिजेत.

एक परिचित युक्तिवाद पाहता येईल : 'ज्ञानेश्वरी ही गीतेवरील टीका आहे, म्हणून ती स्वतंत्र साहित्यकृती नव्हे.' १२९० च्या या ग्रंथात गीतेच्या सातशे श्लोकांवर सुमारे नऊ हजार ओव्या आहेत, तेव्हा हा युक्तिवाद कोणी गंभीरपणे करावा हे नवलच. पण वाङ्मयेतिहासाच्या वर्गवारीत तो अबोलपणे वावरत असतो. त्याखाली काय आहे असे विचारल्यास आजच्या समीक्षेतून तीन उत्तरे येण्याची शक्यता आहे. एक, टीका असलेली कृती स्वतंत्र असू शकत नाही. दोन, स्वतंत्र कृती टीकेपेक्षा श्रेष्ठ असते. तीन, मौलिकतेची वसाहतकालीन युरोपीय कल्पना. पहिले नाकारले की युक्तिवाद तत्क्षणी कोसळतो, ते खरे गृहीतक आहे. दुसरे नाकारले तरी युक्तिवाद जागच्या जागी राहतो; टीकेला श्रेष्ठ मानणारा मनुष्यही ज्ञानेश्वरीला टीकाच म्हणेल. ती वक्त्याची आवडनिवड असू शकेल, युक्तिवादाला तिची गरज नाही. तिसऱ्याची जात आणखी वेगळी आहे. मौलिकतेची ती कल्पना युरोपातून आली नसती आणि अन्य कोठून आली असती, तरी युक्तिवादात काडीचाही फरक पडला नसता. ते वंशावळीविषयीचे ऐतिहासिक विधान आहे, समीक्षकाने कृतीच्या पुढे जाऊन केलेले अनुमान आहे. खरे असेल तर ते मोलाचे आहे, पण त्यासाठी कागदपत्रांचा पुरावा लागेल. युक्तिवादाचे सूक्ष्म वाचन करून ते मिळणार नाही. एलसॅट, बँक आणि आयोग यांचे तीन प्रकार येथे एकाच यादीत उभे आहेत. पॉल रिकर यांनी १९६५ मधील फ्रॉइडविषयक ग्रंथात ज्या संशयप्रधान भाष्यपद्धतीचे वर्णन केले तिच्या भारतीय अनुयायांना तिसरे उत्तर सर्वाधिक प्रिय आहे आणि ते त्याला बेधडक 'गृहीतक' म्हणतात. त्यामुळे पहिल्याची तपासणी राहून जाते, आणि टीका व स्वतंत्र कृती यांच्यातील सीमेविषयी जे म्हणावयास हवे ते कोणीच म्हणत नाही.

तौलनिक अभ्यासात अशी उदाहरणे विपुल आहेत, कारण दोन भाषांमध्ये जेथे 'म्हणून' येतो तेथे फट मोठी असते. मराठीने एका नव्या साहित्यप्रकाराला बाणभट्टाच्या कृतीचे नाव दिले, म्हणून मराठी कादंबरीचे नाते संस्कृत गद्यकथेशी आहे, असा युक्तिवाद घ्यावा. त्याला आवश्यक असलेले विधान एवढेच : नाव देणाऱ्यांनी वंश ओळखून नाव दिले. लांबलचक कल्पित गद्यकथा एवढ्याच साम्यावर ते दिले गेले असेल, तर नावाचा पुरावा गळून पडतो. उलट बाजूचा युक्तिवादही याहून भक्कम नाही. बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' १८५७ चे, लेखक धर्मांतरित ख्रिस्ती आणि मिशनरी शिक्षणात वाढलेला, म्हणून हा प्रकार इंग्रजीतून आला, असे म्हणताना लेखकाचे शिक्षण आणि प्रकाराची घडण यांच्यामध्ये जे विधान राहून जाते ते नाकारून पाहण्याचे कष्ट क्वचितच घेतले जातात. अवघ्या चार वर्षांनी, १८६१ मध्ये, लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' आली. तेथे लेखकाची शास्त्री ही पदवी पाहून उलट दिशेचा निष्कर्ष तितक्याच झटपट काढला जातो. नावांच्या पुराव्याची परीक्षा घ्यावयाची तर शेजारच्या भाषा हाताशी आहेत. कन्नडमध्येही 'कादंबरी' हाच शब्द आहे. बंगाली आणि हिंदीत त्या जागी 'उपन्यास' आहे, गुजरातीत 'नवलकथा', उर्दूत सरळ 'नॉवेल'. आणि 'उपन्यास' हा शब्द कन्नडमध्ये आहेच. फक्त तेथे त्याचा अर्थ व्याख्यान असा होतो.